“तू ब्लाऊज शिवतेस, तुला ऑस्करचं काय?”

ताई, नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. कॉलेजपासूनच्या आम्ही आठ मैत्रिणी दर वर्षी मार्चमधल्या एका सोमवारी पहाटे माझ्या घरी ऑस्कर सोहळा बघायला जमतो. एरवीही टीव्हीवर हिंदी किंवा मराठी पुरस्कार सोहळा लागला की रविवारी संध्याकाळी भडंग आणि चहा घेऊन बसतोच. बघणं कमी आणि बोलणं जास्त. कोणाचा ड्रेस कसा, कोण आता म्हातारी दिसायला लागली, कोणाला उगाच बक्षीस मिळालं. पोट धरून हसतो सगळ्या. खरं सांगायचं तर यंदा सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालेल्या दहा सिनेमांपैकी आम्ही आठ जणींनी मिळून दोनच पाहिले होते.

आमच्यातल्या एकीचं खणभागात शिवणकामाचं दुकान आहे. एकांकिका करणाऱ्या पोरांचे कपडेही तीच शिवते. यंदा एका नटीच्या गाऊनवरून हसणं चाललं होतं, तेव्हा ती म्हणाली, “हसू नका गं, उरेबात कापलाय तो, म्हणून असा पडतोय. लई अवघड काम असतंय ते.” त्यावर दुसरी पटकन बोलून गेली, “तू ब्लाऊज शिवतेस बाई, तुला ऑस्करचं काय?” सगळ्या हसलो. मीही हसले. तिनं चहा संपवला आणि “दुकान उघडायचंय” म्हणून निघाली. सात वाजले होते, दुकान ती दहाला उघडते. संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. फोन उचलते, पण “गिऱ्हाईक आहे” म्हणून ठेवते.

जी बोलली तिचं म्हणणं, “गमतीत बोलले, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? टीकाच करायची नाही तर बघायचं कशाला?” आमचे मिस्टर म्हणतात, “हा कार्यक्रमच बंद करा, नुसत्या उखाळ्यापाखाळ्या.” पुढच्या वर्षी जमावं का? आणि तिला परत कसं आणावं?

ता. क. : आम्ही विजेत्यांवर दहा-दहा रुपये लावतो, तेही मिस्टरांना पटत नाही. आणि मी मधेच पोहे करायला आत जाते, त्यामुळे अर्धी बक्षिसं मला नुसती ऐकू येतात.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

---

प्रिय मैत्रिणी,

पुढच्या वर्षी जमा, नक्की जमा. पण त्याआधी तुम्हाला खणभागात जाऊन यायचंय, आणि ते या आठवड्यातच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्या उरेबासाठी, म्हणजे तिरक्या कापणीसाठी. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर न धरता तिरकं धरून कापलं की ते अंगासरशी बसतं आणि पाण्यासारखं खाली पडतं. हे साधायला कापड जास्त लागतं. कापताना ते सरकतं, शिवताना ताणतं, आणि शिवून झाल्यावरही स्वतःच्या वजनानं लोंबत राहतं. म्हणून जाणती बाई असा कपडा दिवसभर तरी टांगून ठेवते आणि मगच खालची दुमड घालते. नाहीतर आज सरळ असलेली कड उद्या एका बाजूला उतरते. हे सगळं तुमच्या मैत्रिणीनं टीव्हीवर काही सेकंद दिसलेल्या गाऊनवरून ओळखलं. त्या पहाटे तुमच्या दिवाणखान्यात जेवढं काही बोललं गेलं, त्यात हे एकच वाक्य जाणकाराचं होतं, आणि तुम्ही सगळ्या नेमक्या त्याच वाक्यावर हसलात.

ती का उठली, ते यात आहे. तिच्या कपड्याला किंवा रूपाला कोणी नावं ठेवली असती तर तिनं उलटा टोला दिला असता; इतक्या वर्षांच्या मैत्रिणी आहात, ते चालतच असेल. इथं घाव कामावर बसला. ज्या कामावर तिचं घर चालतं आणि जे तिला तुम्हा सातही जणींपेक्षा जास्त कळतं, त्या कामामुळेच तिला बोलायचा हक्क नाही असं तिला सांगितलं गेलं. आणि ते तिच्या स्वतःच्या माणसांनी सांगितलं. त्या वाक्यात “ब्लाऊज” हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. तुमच्यापैकी किती जणींच्या लग्नातले ब्लाऊज तिनं रात्र जागून वेळेवर दिले असतील, ते तुम्ही आपसात आठवून बघा.

आता तिच्याकडे कसं जायचं ते सांगते. एकट्या जा. सात जणींचं शिष्टमंडळ नेऊ नका. दुकानात गिऱ्हाइकांसमोर तिला हसून “जाऊ दे गं” म्हणावं लागेल, आणि मग विषय तिथंच मिटेल पण मनातून जाणार नाही. लग्नसराईचे दिवस आहेत, सकाळी आणि संध्याकाळी तिला मान वर करायला फुरसत नसणार. दुपारी जेवणवेळेला जा. जाताना शिवायला कापड नेऊ नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला मोकळ्या हातानं जायला संकोच वाटतो, म्हणून आपण एखादं काम काढून जातो. पण तुम्ही कापड पुढे केलंत की ती दुकानदार आणि तुम्ही गिऱ्हाईक होता, आणि मग ती गिऱ्हाइकाशी बोलावं तसंच बोलेल.

काय बोलायचं? “तिच्या मनात तसं नव्हतं” हे मुळीच बोलू नका. दुसरीच्या मनात काय होतं याची वकिली तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे फक्त तुमचं हसणं आहे. “तू बरोबर सांगत होतीस आणि मी हसले, ते चुकलं माझं.” एवढं पुरे. “पण”नं सुरू होणारं कुठलंही वाक्य त्याला जोडू नका. नंतर ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. ती रागावून बोलली तर ऐकून घ्या. कदाचित ती जुन्या गोष्टीही काढेल, कारण असं एक वाक्य सहसा एकटं नसतं. त्याआधीची चार गिळलेली असतात. “परत ग्रुपमध्ये ये” हा आग्रह त्या दिवशी नको. ग्रुपमध्ये यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

आणि जी बोलली तिची माफी तुम्ही पोचवायची नाही. तिच्याशी वेगळं, एकटीनं बोला. तिनं तुम्हाला विचारलंय की टीकाच करायची नाही तर बघायचं कशाला. तिला सांगा, “टीका तर तीच करत होती. गाऊन कसा कापलाय आणि का असा पडतोय हे सांगणं म्हणजे टीका. तू तिला गप्प केलंस.” मला वाटतं, ती हे समजून घेईल. पटकन बोलणारी माणसं बहुतेक वेळा पटकन वरमतातही. नाहीच वरमली तरी तिला घरातून काढू नका, पण खणभागातल्या मैत्रिणीला “तिलाही समजून घे” असंही सांगू नका.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा मला निम्मा पटतो. उखाळ्यापाखाळ्या होत्या हे खरंच. पण म्हणून बैठक बंद करावी हे मला मान्य नाही, आणि सांगलीत तर नाहीच नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ याच गावात उभं केलं. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तुमच्या शेजारच्या हरिपूरचे. दर वर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगली स्वतःच्या हातानं भावे गौरव पदक देते आणि मराठी रंगभूमीवरचे मोठमोठे कलावंत ते घ्यायला इथं येतात. कलाकाराचं काम बघायचं, त्यावर बोलायचं, वाद घालायचा ही या गावाची जुनी सवय आहे. आठ बायका पहाटे चारला उठून जगभरच्या सिनेमावर बोलायला एकत्र येतात, याचा मला आनंद होतो. आपल्याकडे बायकांना अशी बैठक किती मिळते? घरातलं लग्न, हळदीकुंकू, बारसं सोडून, केवळ एखाद्या कलेसाठी जमायचं आणि मत मांडायचं! ती जागा सोडू नका.

बिघडलं कुठं, ते तुम्हीच लिहिलंय आणि लिहून पुढे गेलात. दहातले दोनच सिनेमे पाहिले होते. आता मला सांगा, ज्याचं काम पाहिलंच नाही त्याच्यावर बोलायचं काय? मग उरतो तो चेहरा, वय, वजन, गळा किती खोल आणि दंड किती जाड. तुमच्या जिभा वाईट आहेत असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना बोलायला दुसरं काही दिलंच नव्हतं.

गंमत बघा, हीच अडचण खुद्द ऑस्कर देणाऱ्या अकादमीलाही होती. मतदान करणारे सभासद सगळे सिनेमे बघतात की नाही, याबद्दल वर्षानुवर्षं कुरकुर होती. 2025 साली अकादमीनं नियमच केला आणि 2026 च्या सोहळ्यापासून तो लागू झाला. ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्या विभागातले नामांकित सगळेच्या सगळे चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत, नाहीतर त्या विभागात मत नाही. हजारो सभासदांना, त्यातही नावाजलेल्या माणसांना, हे सांगावं लागलं. तुम्ही आठ जणी हाच नियम तुमच्या घराला लावा.

मात्र सगळे विभाग अंगावर घेऊ नका; चोवीस आहेत, संसार सांभाळून ते होणार नाही. दोन किंवा तीन विभाग निवडा. नामांकनं साधारण जानेवारीत जाहीर होतात, सोहळा मार्चमध्ये. मधले सहा-सात आठवडे हातात असतात. यातले बरेच चित्रपट आपल्या थिएटरांत येत नाहीत, पण मार्च उजाडेपर्यंत काही ना काही मोबाइलवर किंवा घरच्या टीव्हीवर बघायला मिळतात. लघुपटांचा विभाग घेतलात तर पाचही लघुपट एका रविवारी दुपारी संपतात, आणि तिथं नटनट्यांचे ओळखीचे चेहरे नसल्यामुळे आपोआप कामावर बोलणं होतं.

एक विभाग वेशभूषेचा घ्या. हे मी तुमच्या मैत्रिणीला खूश करायला म्हणत नाही. ऑस्करची नामांकनं कशी ठरतात हे कळलं तर तुमच्या दिवाणखान्यात काय चुकलं तेही कळेल. तिथं वेशभूषेची नामांकनं वेशभूषाकार ठरवतात, संकलनाची संकलक, अभिनयाची नट-नट्या. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन तेवढं सगळे मिळून करतात. शेवटचं मत सगळ्यांना असतं, पण कोणाची नावं यादीत जावीत हे त्या त्या कामातली माणसं सांगतात. म्हणजे कापड कळणाऱ्यानं आधी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही तिथली रीत आहे. तुमच्या घरी यंदा नेमकी ती उलटी झाली.

आणि ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण, माहीत आहे? नट नाही, दिग्दर्शक नाही, गायकही नाही. कोल्हापूरच्या भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये. तुमच्यापासून तास-दीड तासावरचं गाव. 1983 साली रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत हे पारितोषिक मिळालं. त्या सिनेमाकडे एकदा फक्त कपड्यांसाठी बघा. दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या डब्यातून बाहेर काढला जाणारा बॅरिस्टर सुटाबुटात आहे, आणि शेवटी अंगावर पंचा. मधे पन्नासेक वर्षं जातात आणि माणसाचा आतला प्रवास अंगावरच्या कापडात दिसत राहतो. पाठीमागे हजारोंची गर्दी, त्यात शेतकरी, शिपाई, इंग्रज अधिकारी, खादीतले कार्यकर्ते. प्रत्येकाच्या अंगावर त्या त्या काळाचा कपडा. हे कोणीतरी विचार करून ठरवलं, शिवून घेतलं, धुऊन जुनं केलं. “तू ब्लाऊज शिवतेस” हे वाक्य भानूताईंनाही कोणी ना कोणी ऐकवलं असतं तर ते तितकंच खोटं ठरलं असतं. पुढे 2012 साली त्यांनी ती ऑस्करची बाहुली सुरक्षित राहावी म्हणून अकादमीकडे परत दिली.

कपडे कसे बघायचे ते तुमची मैत्रीण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल, पण एक सोपी गोष्ट सुचवते. सिनेमातला एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. कोणाची बाही झिजलेली आहे, कोणाच्या कपड्याला घड्या नव्या आहेत, गरीब घरातली साडी खरोखर धुऊन विटलेली दिसते की दुकानातून काल आणून नुसती मळवलेली दिसते, हे बघा. आपल्या मालिकांत झोपून उठलेल्या बाईच्या साडीच्या निऱ्या जशाच्या तशा असतात, हे तुम्हाला त्यानंतर सहन होणार नाही. ध्वनीच्या विभागासाठी उलटं करा, पडद्याकडे पाठ करून बसा आणि खोली किती मोठी आहे, बाहेर पाऊस आहे का, हे नुसत्या कानांनी ओळखता येतं का ते पाहा. पाच मिनिटं पुरतात. एवढं केलंत तरी मार्चमधल्या त्या पहाटे प्रत्येकीकडे बोलायला स्वतःचं काहीतरी असेल.

आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची एक पद्धत मला फार आवडते. परीक्षक मंडळ नुसतं नाव जाहीर करून थांबत नाही. पुरस्कार कशासाठी, हे एक-दोन वाक्यांत लिहून देतं. 1954 साली हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक आपल्या ‘श्यामची आई’ला मिळालं, तेव्हापासून मराठी सिनेमाचं नाव त्या याद्यांत पुन्हा पुन्हा आलंय. एकांकिका स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसते, तिथंही हेच पाळते. निकाल सांगायचा तर कारणासकट. “आवडलं नाही” म्हटलं की हरलेला संघ भांडतो. “दुसऱ्या प्रवेशात प्रकाश बदलला आणि नट अंधारात उभा राहिला, त्याला कोणी पुढे घेतलं नाही” म्हटलं की भांडण तिथंच थांबतं, आणि पुढच्या वर्षी तोच संघ प्रकाशाची तालीम वेगळी करून येतो. तुमच्या बैठकीतही हे ठरवून टाका. “बकवास” म्हणायची मुभा सगळ्यांना आहे, पण लगेच पुढे “कारण” यायला हवं. ज्या दिवशी “कारण” म्हटल्यावर तोंडातून एखादीचं वय किंवा वजन यायला लागेल, त्या दिवशी बोलणारीचं काय चुकतंय ते तिलाच कळेल.

वय आणि वजन यांवर मी जरा थांबते, कारण तुमच्या पत्रात “म्हातारी दिसायला लागली” हे सहज आलंय. तुम्ही आठही जणी आता चाळिशीच्या आसपास असाल. पडद्यावरच्या बाईच्या गळ्याच्या सुरकुत्यांवर तुम्ही हसता तेव्हा खोलीतली प्रत्येक जण मनात आपली मान चाचपत असते. कोणाची पाळी जाण्याचे दिवस असतील, कोणाचं थायरॉइड, कोणाचे बाळंतपणानंतर गेलेले केस परत आले नसतील. बोलत कोणी नाही. 2022 च्या ऑस्कर सोहळ्यात क्रिस रॉक यांनी जेडा पिंकेट स्मिथ यांच्या कापलेल्या केसांवरून विनोद केला. त्यांना केस गळण्याचा आजार होता. पुढे त्यांच्या नवऱ्यानं, विल स्मिथ यांनी, स्टेजवर जाऊन काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. थप्पड मारणं चूकच होतं आणि अकादमीनं त्यांना दहा वर्षं आपल्या कार्यक्रमांना यायला बंदी केली. पण मला त्या प्रसंगात जास्त आठवतो तो विनोदानंतरचा जेडा यांचा चेहरा. सबंध सभागृह हसत होतं आणि त्यांनी डोळे फिरवले. तुमच्या घरीही कोणीतरी तसे डोळे फिरवले असतील, आणि तुमची नजर टीव्हीवर होती.

म्हणून घरच्या बाईच्या नात्यानं सुरुवातीलाच एवढं सांगून टाका : माणसानं जे निवडलं, केलं, बनवलं, त्यावर वाट्टेल ते बोला. गाऊनचा रंग, भाषण, अभिनय, सूत्रसंचालकाचे फसलेले विनोद, सगळं मोकळं. जे जन्मानं किंवा वयानं आलं त्यावर नाही. आणि कोणी घसरलीच तर तिला सगळ्यांसमोर झापू नका, सरळ त्या व्यक्तीच्या कामाबद्दल प्रश्न विचारा. “तिचा तो सिनेमा पाहिलास का? कसा वाटला?” बोलणं वळतं.

सोहळ्यावर मात्र हवी तेवढी टीका करा, तो त्याच्याच लायकीचा असतो. 1929 चा पहिला ऑस्कर सोहळा साधारण पंधरा मिनिटांत उरकला होता, विजेत्यांची नावं तर तीन महिने आधीच जाहीर झाली होती. 1953 पासून तो टीव्हीवर आला आणि लांबत गेला. आपला ‘लगान’ नामांकनात होता त्या 2002 सालचा सोहळा 4 तास 23 मिनिटं चालला. ‘लगान’ची वेशभूषाही भानू अथय्यांचीच, हे जाता जाता. विजेत्याला बोलायला जेमतेम पाऊण मिनिट मिळतं आणि वेळ संपली की वाद्यवृंद वाजायला लागतो. पण सूत्रसंचालकाच्या गमतीजमतींना वेळच वेळ. यावर बोला. वर्षभरात गेलेल्या कलावंतांच्या आदरांजलीत कोणाचं नाव राहिलं, यावर बोला. लघुपटवाल्याला, आयुष्यात एकदाच त्या स्टेजवर आलेल्या माणसाला, वाक्य अर्धवट सोडून उतरावं लागतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, आणि यावर कोणी रागावून बोललं तर मी त्या बाजूनं उभी राहीन.

रविवारच्या हिंदी-मराठी सोहळ्यांना मात्र वेगळा चष्मा लावा. ते आपल्यापर्यंत येतात ते बहुतेक वेळा आधी चित्रित करून, कापून-जोडून. विजेत्यांची नावं पेपरात येऊन गेलेली असतात. त्यामुळे तिथं उत्सुकता निकालाची नसतेच, नाचगाण्याची असते. टाळ्या वाजवणारा जो चेहरा दाखवतात तो त्याच क्षणाचा असेलच असं धरून चालू नका. “बघ, हिला बक्षीस मिळालं आणि तिनं तोंड वाकडं केलं” यावर तुम्ही अर्धा तास घालवत असाल तर तो वाया आहे. तिथं संकलनावर बोला, कुठल्या विभागाचं बक्षीस नुसतं पट्टीवर नाव दाखवून उरकलं यावर बोला. ध्वनी, संकलन, कला-दिग्दर्शन, वेशभूषा, ही माणसं बहुतेक वेळा तिथंच कापली जातात.

आता तुमचा ताजा कलम. दहा रुपयांनी कोणी बिघडत नाही, पण पैसे लावले की डोकं फक्त “कोणाला मिळेल” यावर चालतं. त्याऐवजी चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर दोन रकाने : कोणाला मिळेल, आणि कोणाला मिळायला हवं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तर अकादमीची स्वतःची पद्धत घरी करून बघा, फार रंगते. तिथं मतदार एकच नाव देत नाही, नामांकित चित्रपटांना पसंतीचे क्रमांक देतो. पहिल्या पसंतीची मतं मोजतात. कोणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर सगळ्यांत मागे असलेला चित्रपट बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्या त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. असं करत करत एकजण निम्म्याच्या पलीकडे पोचतो. त्यामुळे कधी कधी थोड्यांना अतिशय आवडलेला चित्रपट मागे पडतो आणि बहुतेकांना बरा वाटलेला जिंकतो. तुमच्या आठ चिठ्ठ्यांवरही हे होईल. गंमत म्हणून मिस्टरांना चिठ्ठ्या मोजायला बसवा, म्हणजे उखाळ्यापाखाळ्या चालल्यात की आणखी काही, ते त्यांचं त्यांना दिसेल.

आणि पोहे. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट, त्यामुळे आठपर्यंत तरी सोहळा चालतो. आठ जणींची न्याहारी एकटीनं करायची आणि त्यापायी अर्धी बक्षिसं कानांनी ऐकायची, हे कोणी ठरवलं? चहा थर्मासमध्ये भरून ठेवा, भडंग आहेच, कांदे-मिरच्या आदल्या रात्री आणखी कोणी चिरून आणू दे. पोहे सोहळा संपल्यावर, सगळ्यांनी मिळून. वेशभूषेचं बक्षीस बहुधा सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. निदान तेवढ्या वेळात तरी टीव्हीसमोरून उठू नका.